मंगळवारचे साहेब

मालकाच्या मुलीनं दुपारी तीन वाजता चारही वेटरांना बसवून कॉफी दिली, आणि तीही गिऱ्हाइकांच्या कपांतून. तेव्हाच मास्तरांनी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मास्तर एक गोष्ट शिकले होते. नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला एका हातावर तीन ताटल्या कशा तोलायच्या हे शिकवण्याआधी ते ती गोष्ट शिकवायचे, म्हणून तर त्यांचं नाव मास्तर पडलं. ती गोष्ट अशी: जो माणूस प्रमाणाबाहेर टीप ठेवतो, त्यानं एकतर ग्लास फोडून पडद्यामागं सरकवलेला असतो, नाहीतर समोर बसलेली बाई त्याची बायको नसते. चांगुलपणा ही तिसरी शक्यता राहते. ती मास्तरांच्या पाहण्यात आली नव्हती.

आणि इथं तर मालकाची मुलगीच टीप ठेवायला बसली होती.

"टीप बंद करायची," ती म्हणाली. "बिलाखाली छापू की टीप देऊ नये, आमची माणसं पूर्ण पगारावर आहेत. आणि पूर्ण पगार म्हणजे हा." तिनं एक कागद टेबलावर सरकवला. आकडा जवळजवळ दुप्पट होता. "आजारी पडलात तरी मिळेल. गिऱ्हाईक आलं नाही तरी मिळेल. दर महिन्याला छापील पावती. अट एकच, चौघांच्याही सह्या हव्यात. तिघं पगारावर आणि चौथा टेबलाखालून हात पुढं करतोय, असं नको. बुधवारपर्यंत सांगा."

ती आत गेली. चौघं कागदाकडं असं बघत राहिले, जणू तो कागद आता उठून चालायला लागेल.

"प्रश्न पहिला," वकील म्हणाला. वकिलानं कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण बिलावरून गिऱ्हाइकाशी वाद घालून जिंकल्याची या हॉटेलातली एकमेव नोंद त्याच्या नावावर होती. "कप गिऱ्हाइकांचे का?"

"आपले धुवायला पडलेत म्हणून," ताई म्हणाली. चौघांत ती एकटीच बाई, आणि पायांनी सगळ्यांत चपळ.

"प्रश्न दुसरा. एवढा पगार परवडतोय म्हणजे आजवरही परवडत होता. मग आजवर का नाही दिला?"

"अरे, आता देतायत तर घे ना!"

"दुधानं तोंड पोळलंय, ताई. ताक फुंकूनच पिणार."

"ही कॉफी आहे. आणि गार होतेय."

चौथा वेटर गप्प्या. तो दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि त्यांतली दोन 'अजून काही?' अशी असायची. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "नाही म्हटलं तर कॉफीचे पैसे कापतील का?"

मग सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला आणि टीप या विषयावर एक छोटं भाषण दिलं. टीप म्हणजे भीक नव्हे. टीप म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनाची पावती. पगार मालक देतो, तो आपल्याला नोकर समजतो. टीप गिऱ्हाईक देतं, ते आपल्याला माणूस समजतं. उद्या सगळ्यांना सारखाच पगार मिळाला तर सूप गरम आलं काय आणि कोमट आलं काय, कुणाला पडलंय? कला मरेल.

भाषण चांगलं झालं. वकिलानं दोनदा मान डोलावली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकाही शब्दाचा मास्तरांच्या खऱ्या कारणाशी संबंध नव्हता.

खरं कारण मंगळवार.

मंगळवारी हॉटेल बंद असायचं. मंगळवारी सकाळी अकराला मास्तर इस्त्रीचा कोट चढवून घराबाहेर पडायचे. सुट्टीच्या दिवशी हॉटेलातली भांडी मोजायची असतात, असं त्यांनी सहा वर्षांपूर्वी बायकोला सांगितलं होतं. संध्याकाळी ती विचारायची, "किती भरले चमचे?" आणि मास्तर एक आकडा सांगायचे. अधूनमधून दोन-तीन चमचे हरवायचे, म्हणजे हिशेब खरा वाटावा. प्रत्यक्षात मास्तर बसनं पूल ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे, तिथल्या एका बऱ्यापैकी हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे आणि दीड तास साहेब व्हायचे. कुणीतरी खुर्ची ओढायचं. कुणीतरी विचारायचं, "साहेब, नेहमीचंच?" सूप यायचं, भाजलेला मासा यायचा, शेवटी पुडिंग. मग मास्तर उठायचे आणि बशीखाली अशी टीप ठेवायचे की पाहणाऱ्यानं ग्लास मोजावेत.

हे सगळं चालायचं टिपेवर. पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात जायचं. टीप म्हणून घरी थोडे सुटे पैसे पोचायचे, तेही पडलेल्या चेहऱ्यानं. सगळीच कमाई छापील पावतीवर आली की बायको बसचं भाडं हातावर ठेवणार आणि मंगळवार संपणार. आठवड्यातले सहा दिवस वाकायचं ते त्या दीड तासाच्या जोरावर. मालकाच्या मुलीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरीही मास्तरांना राहून राहून वाटत होतं की तिला कुणीतरी सांगितलंय. चोराच्या मनात चांदणं.

सोमवारी दुपारी ताईनं त्यांना कपाटाजवळ गाठलं. दोघं काटे पुसत होते.

"मास्तर, तुम्ही सही का करत नाही?"

"सांगितलं ना परवा."

"पाच कारणं सांगितलीत. एक खरं असतं तर एकच सांगितलं असतंत."

मास्तर काट्याच्या दातांमधून आरपार बघू लागले. तिलाही आपणच शिकवलं, या विचारानं त्यांना अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली.

"चार नंबरवाले काका माहितीयत ना," ताई म्हणाली. "नोट टेबलावर ठेवतात आणि वर बोट दाबून धरतात. मी हसले की बोट उचलतात. कालपासून नुसतं हसून भागत नाही, काहीतरी बोलावं लागतं. तुमची ती मनाची पावती. त्या पावतीवर अख्खा माणूस बसलेला असतो, मास्तर. मला पगार हवाय. आजारी पडले तरी मिळणारा, आणि हसले नाही तरी मिळणारा."

"मी बोलतो त्याच्याशी."

"नका बोलू. तुम्ही बोललात तर तो टीप देणार नाही, आणि या महिन्यात मला ती लागणार आहे." तिनं काटे खणात टाकले. "मला वाटतं मालकांनी तुम्हाला फोडलंय. टीप चालू राहिली तर त्यांचा वाढीव पगार वाचतो. तुम्हाला किती देणार आहेत?"

"कोण? मला?"

"ठीक आहे. नका सांगू."

सव्वीस वर्षांत मास्तरांवर कुणी असा आळ घेतला नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे खरं कारण सांगितलं असतं तर ते आळापेक्षाही हास्यास्पद वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पुलापलीकडच्या हॉटेलात नेहमीच्या वेटरनं खुर्ची ओढली. बारीक मिशीचा, चाळिशीतला माणूस. सहा वर्षं तोच. सूप आलं. मास्तरांना चव लागेना. मिशीवाला मासा घेऊन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "एक सांगा. समजा टीप बंद झाली आणि पगार दुप्पट झाला. चालेल तुम्हाला?"

"छे छे, साहेब!" मिशीवाल्यानं छातीवर हात ठेवला. "तुमच्यासारख्या मोठ्या मनाच्या माणसांमुळं तर आमची घरं चालतात."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. हेच वाक्य गेल्या शुक्रवारी त्यांनी एका दातांच्या डॉक्टरला ऐकवलं होतं, छातीवर हात ठेवूनच. आणि आत जाऊन आचाऱ्याला म्हणाले होते, "कवळी आज खुशीत आहे."

"माझं नाव काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे, साहेब?"

"आत. स्वयंपाकघरात. प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव असतं. माझं काय?"

मिशीवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं काउंटरकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मालकांना कळलं का?"

"कुठल्या मालकांना?"

"आमच्या. साहेब, मी तुम्हाला कधी काही कमी पडू दिलंय का? सहा वर्षांत एकदा तरी सूप गार आलं? अहवाल लिहून देताना तेवढं लक्षात ठेवा. तुमचं नाव हेर आहे. मी नाही ठेवलं, आचाऱ्यानं ठेवलं."

"हेर?"

"पहिल्याच मंगळवारी कळलं की माणूस धंद्यातला आहे. जेवण झालं की तुम्ही ताटलीवर ताटली रचता आणि वर काटे-चमचे आडवे ठेवता. मी वाढायला वाकलो की तुम्ही खांदा मागं घेता. गिऱ्हाईक कधी खांदा मागं घेत नाही, साहेब. ते आपटतं आणि वर आपल्याकडंच बघतं. आता धंद्यातला माणूस दर मंगळवारी येऊन एवढी टीप कशाला ठेवील? मालकांनी पाठवल्याशिवाय? आम्ही ती खिशात घालतो का, ते बघायला."

"मग... घालता ना?"

"नाव काढू नका!" मिशीवाला दुखावला गेला. "तुमची टीप आम्ही सरळ गल्ल्यात टाकतो, मालकांच्या डोळ्यांदेखत. मालक तरबेज. दर वेळी चेहऱ्यावर काही न दाखवता ठेवून घेतात."

मास्तर बराच वेळ माशाकडं बघत राहिले, आणि मासा त्यांच्याकडं. सहा वर्षं त्यांनी एका अनोळखी मालकाला टीप दिली होती. तो गोरागोमटा माणूस काउंटरमागं बसून वर्तमानपत्र वाचत होता.

"मी हेर नाही," ते शेवटी म्हणाले. "मी वेटर आहे."

"तेच तर," मिशीवाला म्हणाला. "हेर असंच म्हणणार."

पुडिंग न खाताच मास्तर उठले. अडीच वाजता घरी पोचले.

बायको शिवणाच्या यंत्रावर कुणाच्या तरी ब्लाउजची बाही जोडत होती. गळ्यात टेप होती. तिनं वर पाहिलं ते असं, जणू माप घेतेय.

"आज चमचे लवकर मोजून झाले?"

मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. तो नेहमी खुंटीवर जायचा.

"किती भरले?"

मास्तरांना आकडा सुचेना. सहा वर्षांत पहिल्यांदाच. यंत्राचं चाक थांबलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. हॉटेल, खिडकी, सूप, मासा, पुडिंग, टीप, हेर. सांगताना त्यांचं त्यांनाच वाटत होतं की ही गोष्ट कुणी आपल्याला सांगितली असती तर आपण विश्वास ठेवला नसता.

"जेवायला जात होतात," बायको म्हणाली.

"हो."

"एकटे."

"एकटाच."

"आणि मी डबा देत होते तो?"

मास्तरांनी मान खाली घातली. "तो आधी खायचो. बसथांब्यावर. टाकवत नव्हता."

"म्हणजे दोन जेवणं." ती उठली. "अहो, घरी तुम्हाला दुसरी पोळी जड होते. एका माणसाला दोन जेवणं लागत नाहीत. दुसरं जेवण कोण जेवायचं?"

"अगं, मीच!"

"कोट घाला. दाखवा ते हॉटेल."

चार वाजता दोघं खिडकीजवळ बसले होते. मिशीवाल्यानं मास्तरांना पाहिलं, मग बाईंना पाहिलं आणि वरच्या हुद्द्याचं कुणीतरी आलंय हे ओळखून आपली कॉलर ताठ केली. बायकोनं प्रास्ताविकात वेळ घालवला नाही.

"हे इथं दर मंगळवारी येतात?"

"हो, बाईसाहेब."

"बरोबर कोण असतं?"

"कुणी नाही. एकटेच असतात. देवाशपथ."

"तुम्हाला टीप देतात?"

"देतात, पण..."

"भरपूर देतात?"

"भरपूर. पण मी त्यातला एक पैसा घेतलेला नाही, बाईसाहेब!"

बायको मास्तरांकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग परवडला असता. "सहा वर्षं ज्याला पैसे चारलेत, त्यालाच साक्षीला उभं करता? तो काय वेगळं सांगणार आहे?"

"पण तो सांगतोय ना, घेतले नाहीत म्हणून!"

"तेही तुम्हीच पढवलं असेल." तिनं मेनूकार्ड उघडलं. "आणि तुम्ही तरी कोण? सव्वीस वर्षं टीप घेणारा माणूस. ज्यानं पैसे ठेवले त्याला गोड वाटेल तेच बोलायची सवय. मला आजवर जे जे सांगितलंत, ते मी कुठल्या भावानं घ्यायचं? पुडिंग चांगलं असतं का इथं?"

"असतं," मास्तर म्हणाले आणि लगेच त्यांना वाटलं, हेही आपण तिला गोड वाटावं म्हणूनच बोललो की काय.

पुडिंग आलं. मिशीवाला वाढायला वाकला. बायकोचा खांदा जागचा हलला नाही. त्याचं मनगट तिच्या खांद्याला लागलं तेव्हा तिनं वर पाहिलं, आणि "माफ करा, बाईसाहेब," असं तो म्हणाला. आत जाऊन त्यानं आचाऱ्याला सांगितलं असणार, बाई खरंच गिऱ्हाईक आहे. तिनं अर्धं पुडिंग खाल्लं, खिडकीबाहेर पाहिलं, उरलेलं अर्धंही खाल्लं. ताटली तिथंच सोडून ती उठली. मास्तरांचा हात ताटलीकडं गेला होता. त्यांनी तो मागं घेतला.

मास्तर टीप न ठेवताच निघाले होते.

"ठेवा थोडी," ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, बायकोनं ठेवू दिली नाही. आणि त्याच्या हातात द्या, बशीखाली नको."

मास्तरांनी मिशीवाल्याच्या हातात नोट ठेवली. त्यानं ती दोन बोटांत उंच धरून काउंटरपर्यंत नेली.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. पूल मागं पडला. "उद्या सही करायची आहे एका कागदावर," मास्तर म्हणाले, आणि तोही विषय त्यांनी सांगून टाकला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढा पगार? काय करून घेणार आहेत तुमच्याकडून?"

"काही नाही. तेच काम."

"मग वाढवला का?"

"वाढवलेला नाही," मास्तर खिडकीकडं बघत म्हणाले. "टीप धरून मला मिळत होते एवढेच. कागदावर नव्हते."

घराच्या जिन्यात ती म्हणाली, "करा सही. निदान वाचायला तरी काहीतरी असेल."

बुधवारी मास्तरांनी पहिली सही केली. ताईनं त्यांच्याकडं पाहिलं, सहीकडं पाहिलं आणि काही न विचारता खाली आपली सही केली. गप्प्यानं पेन कुणाचं आहे ते विचारलं आणि सही केली. वकील मात्र कागद उजेडाकडं धरून बसला.

"मास्तर परवा कला मरणार म्हणत होते," तो म्हणाला. "आज पहिले. काय ठरलं मधल्या मधे?"

"काही ठरलं नाही."

"तुम्हाला वेगळं काही मिळतंय."

"नाही रे बाबा."

"म्हणजे मिळतंय. आणि ते सही करणाऱ्यालाच मिळणार." वकिलानं पेन हिसकावून घेतलं. "मला वगळून काही चालणार नाही." आणि त्यानं चौथी सही इतक्या जोरात केली की कागद खाली फाटला. मालकाच्या मुलीनं फाटका कागद घेतला, सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. चौघंही इतक्या सहज कसे तयार झाले, हे तिला कळेना. त्या दुपारी तिनं दाराआडून दोनदा त्यांच्याकडं डोकावून पाहिलं.

पुढच्या सोमवारी चार नंबरवाल्या काकांनी नोट ठेवून वर बोट दाबलं. ताईनं बिलाखालची छापील ओळ त्यांना वाचून दाखवली, न हसता. काकांनी बोट उचललं नाही. शेवटी त्यांना बोटाबरोबर नोटही उचलावी लागली.

महिनाअखेरीस मास्तरांनी पावती घरी आणली. बायकोनं यंत्र थांबवलं, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा खालून वर वाचत गेली. तिनं बसचं भाडं मोजून त्यांच्या हातावर ठेवलं, थोडा विचार केला आणि त्यावर एका पुडिंगचे पैसे ठेवले.

"मंगळवारी दोन चमचे मागवा," ती म्हणाली.

मग तिनं पावती उलटी करून पाहिली. पाठीमागची बाजू कोरी होती. ती बराच वेळ त्या कोऱ्या बाजूकडं बघत राहिली.